भावोजींचा सहा दिवसांचा तक्ता

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, बस डेपोत वेळापत्रकं बनवतात. गेली एकवीस वर्षं. कुठली बस पुलावर किती वाजता पोचायची, शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरला हातपाय मोकळे करायला किती मिनिटं द्यायची, शाळा सुटायच्या वेळी जादा गाडी कुठून सोडायची, हे सगळं ठरवणारा कुणी माणूस असतो हे आपल्या डोक्यातही येत नाही. बस उशिरा आली की आपण ड्रायव्हरला चार शब्द सुनावतो आणि मोकळे होतो.

डेपोत त्यांना ‘सव्वा’ म्हणतात. नव्यानं आलेल्या एका मॅनेजरनं विचारलं होतं, डेपोपासून पुलापर्यंत किती वेळ लागतो? सगळे म्हणाले, आठ-दहा मिनिटं. भावोजी म्हणाले, “सव्वाआठ. पाऊस असला तर पावणेदहा.” त्या दिवसापासून ते सव्वा. त्यांची खोली वर्कशॉपच्या वर आहे, खिडकीतून गाड्या धुवायची जागा दिसते. कॉम्प्युटर येऊन जमाना झाला, तरी ते आधी टेबलभर कागद पसरतात, रंगीत पेन्सिलींनी तिरक्या रेघा ओढतात आणि मगच कॉम्प्युटरला हात लावतात.

या माणसाला बिअरचा नाद कसा लागला, तर एका ड्रायव्हरच्या निवृत्तीला कुणीतरी छोट्या ब्रुअरीची बाटली आणली होती. भावोजींनी घोटभर घेतली आणि म्हणाले, “याला संत्र्याच्या सालीचा वास येतोय.” लोक हसले. भावोजी घरी आले आणि एका वहीत तसं लिहून ठेवलं. तिथून सुरुवात. नाद म्हणजे पिण्याचा म्हणाल तर तसा नव्हे. शनिवारी संध्याकाळी एक बाटली, फार तर दीड. पण ती कुठल्या पाण्याची, त्यात हॉप्सची कडू फुलं कधी टाकली, जव किती भाजलं, हे सगळं वहीत. बाटल्या कोमट पाण्यात बुडवून लेबलं सोडवायची, वाळवून चिकटवायची. ताई म्हणायची, “यांचं प्रेम बाटलीवर नाही गं, कागदावर आहे.”

ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. सकाळी साडेसहाला पहिली सुई. चार वर्षांत ती कुठे गेली नव्हती. मुली दोन, मोठी नऊ वर्षांची आणि छकुली पाचाची. त्या वर्षी दोघांच्या रजा एकदाच्या जुळल्या आणि सहा दिवस नदीकाठच्या त्या खोऱ्यात जायचं ठरलं. त्या खोऱ्यात लहानलहान ब्रुअऱ्या आहेत, एका गावात दोन-दोन. ताईला ते माहीत होतं. तिनं सरळ बोलून घेतलं होतं.

“दोन ठिकाणं तुमची,” ती म्हणाली. “जिथे आपल्या सगळ्यांना बसता येईल, मुलींना काही खाता येईल अशी. बाकी सगळं मुलींचं. आणि माझं एकच. एक सकाळ मला कुणी उठवायचं नाही. आग लागली तरी.”

“मंजूर,” भावोजी म्हणाले, आणि तक्ता करायला बसले.

मी त्यांच्याच गल्लीत चार दारं सोडून राहते. औषधांच्या दुकानातून सुटले की त्यांच्याकडे डोकावल्याशिवाय मला घर गाठवत नाही. त्या आठवड्यात गेले तर फ्रिजवर तक्ता लागलेला. फार देखणा केला होता. निळा रंग पाण्यात खेळायचा, हिरवा बागांचा, पिवळा जेवणाचा. बसच्या वेळा लाल. गाडी न नेता तिथल्या बसनंच फिरायचं होतं, आणि त्या बसचं वेळापत्रक भावोजींनी आधीच पाठ केलेलं. मुली तक्त्यासमोर उभ्या राहून आपापले चौकोन शोधत होत्या. छकुलीला वाचता येत नव्हतं म्हणून तिच्यासाठी हरणाचं चित्र काढलेलं.

पण मधेमधे राखाडी चौकोन होते. ‘तिकिटांची चौकशी, २५ मि.’ ‘तिकिटांची चौकशी, ३० मि.’ मी मोजले. सहा.

“भावोजी,” मी म्हटलं, “तिकिटं काढताय की तिकिटांचं लग्न जमवताय? एवढी कसली चौकशी?”

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत ताईचा नळ चालू होता. त्यांनी हळूच खिशातली डायरी काढून माझ्यापुढे धरली. आठ ब्रुअऱ्या. उघडायच्या वेळा, बसथांब्यापासून चालत किती मिनिटं, तिथे काय मिळतं.

“दोनच ठरल्यात ना?”

“दोन ठरल्यात. बाकीच्या सहा आपल्या वाटेवर आहेत.”

“वाटेवर आहेत, का वाटच त्यांच्यावरून काढलीय?”

त्यांचे कान लाल झाले. त्यांनी आधी नकाशावर ब्रुअऱ्यांवर ठिपके दिले होते आणि मग प्रत्येक ठिपक्याभोवती बोट फिरवून पोरांसाठी काय आहे ते शोधलं होतं. “पण मुलींना काही कमी नाही गं,” ते म्हणाले. “बघ ना, बाहुल्यांचा खेळ आहे, झुकझुक गाडी आहे, हरणं आहेत. कुणाचं काही बिघडत नाही. ताईला बोलू नकोस हं.”

मला एवढं हसू आलं की मी ओढणी तोंडात धरली. आणि मी काय म्हटलं ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढे सांगायचं धाडस होणार नाही. मी म्हटलं, “मी कशाला बोलू? उलट तो चौथा दिवस बघा. हरणांच्या बागेपासून चार मिनिटांवर आहे ना ती एक? त्या सकाळी ताई झोपणार आहे. आरामात अर्धा तास काढा.” त्या चौकोनात आधी वीस मिनिटं लिहिलेली होती. माझ्यादेखत त्यांनी ती खोडून तीस केली.

पहिला दिवस इतका छान गेला की ताईनं मला तिथून फोन केला. झुकझुक गाडीत बसून झालं आणि मग ठरलेल्या दोनपैकी पहिल्या ब्रुअरीत सगळे गेले. मागे अंगण, अंगणात झोके, लांब लाकडी बाकं. मुलींनी सफरचंदाचा रस घेतला. ब्रुअरीच्या मालकानं मुलींच्या तळहातावर मोड आणून भाजलेलं जव ठेवलं, चावून बघा म्हणाला. छकुलीला ते गोड लागलं म्हणून तिनं खिसा भरून मागितलं. ताईनं भावोजींच्या ग्लासातला एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि सगळे हसले. “अगं, खरंच मजा आली,” ताई फोनवर सांगत होती. “मी उगाच धास्ती घेतली होती.”

हे मी मुद्दाम सांगतेय. चोरून करायची काही गरजच नव्हती. त्यांनी चार मागितल्या असत्या तर ताई चारला हो म्हणाली असती.

दुसऱ्या दिवशी बाहुल्यांचा खेळ सुरू झाला आणि भावोजी अंधारात ताईच्या कानाशी लागले, “परतीच्या तिकिटांची चौकशी करून येतो.” बाविसाव्या मिनिटाला जागेवर हजर. तिसऱ्या दिवशी मुली पाण्यात घसरगुंड्या खेळत होत्या, तेव्हा दोनदा. कुणाला पत्ता लागला नाही. म्हणजे त्यांना तसं वाटलं.

अशा ठिकाणी ग्लासाखाली ठेवायचे गोल पुठ्ठे असतात, त्यावर नाव आणि चित्र छापलेलं. भावोजी ते गोळा करतात. पाण्यातून बाहेर आल्यावर मोठीला थंडी वाजत होती, तिनं बाबांचा कोट अंगावर घेतला आणि खिशात हात घातला. दोन पुठ्ठे हाताला लागले, एकावर कोंबडा, एकावर जहाज.

“बाबा, हे कुठलं?”

“ते पहिल्या दिवशीचंच.”

पहिल्या दिवशीच्या पुठ्ठ्यावर घोडा होता. तो मोठीनं स्वतःच्या वहीत ठेवला होता. तिनं पुठ्ठे परत खिशात ठेवले आणि आई विचारायला आली तेव्हा कोटाची गुंडी लावून टाकली.

चौथ्या दिवशी सकाळी मुलींना चपला हातात घ्यायला लावून भावोजी खोलीतून बाहेर पडले. ताई गाढ झोपली होती. बागेत हरणांना पाला घातला, मग शेजारचा भुलभुलैया. माणसापेक्षा उंच हिरव्या कुंपणांच्या वाटा, वळणावर वळणं, आणि मधोमध एक लाकडी मचाण. गेटवर निळा कोट घातलेल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, “दहा वर्षांखालच्या मुलांबरोबर मोठं माणूस आत पाहिजे.”

“मी आहेच की,” भावोजी म्हणाले.

ते आत गेले, सहा मिनिटांत मचाण गाठलं. अशा गोष्टी त्यांना पटकन जमतात. मुलींना मचाणावर बसवलं आणि मोठीला म्हणाले, “छकुलीचा हात सोडायचा नाही. इथून हलायचं नाही. मी तिकिटांची चौकशी करून अर्ध्या तासात आलोच.”

“हो बाबा,” मोठी म्हणाली. तिनं कसली तिकिटं हे विचारलं नाही.

ती ब्रुअरी एका जुन्या गोदामात होती. बिअर करणारी बाई साठीची असेल, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, फार न बोलणारी. आंबट चेरी घालून दोन वर्षं लाकडी पिंपात मुरवलेली बिअर ती आठवड्यातून त्याच एका दिवशी काढायची. भावोजींनी घोट घेतला, वही काढली, लिहिलं. बाईनं समोरून उलट्या अक्षरांत वाचलं. “‘शेवटी ओल्या लाकडाचा वास’,” ती म्हणाली. “बरोबर. इतक्या वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं. खाली येता का? दोन पिंपं अजून मुरताहेत. कुठलं आधी काढू, मलाच ठरत नाहीये. तुम्ही सांगा.”

भावोजींनी मला हे सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. “एकवीस वर्षं झाली मला कुणी मिनिटं सोडून काही विचारून,” ते म्हणाले. आणि ते तळघरात गेले.

इकडे अर्धा तास झाला. मोठीला घड्याळ कळतं, मचाणावरून बागेच्या ऑफिसवरचं घड्याळ दिसत होतं. पाऊण तास झाला. छकुलीला शूला लागली. मोठी म्हणाली, थांब, बाबा येतील. छकुली थांबली, मग रडायला लागली, मग तिच्याच्यानं थांबवेना. मचाणावरच तिची विजार भिजली. मोठीनं स्वतःचा स्वेटर काढून तिच्या कमरेला बांधला आणि तिला घेऊन खाली उतरली. बाहेरची वाट सापडायला तिला वीस मिनिटं लागली. दोनदा त्या फिरून मचाणापाशीच आल्या. छकुली मोठ्यानं रडत होती. हे मला मोठीनं पुढे काही महिन्यांनी सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून.

गेटवरच्या बाईंनी विचारलं, “बाबा कुठे आहेत तुमचे?”

“तिकिटांची चौकशी करायला गेलेत. येतीलच.”

“केव्हा गेलेत?”

“आत्ताच.”

बाईंनी छकुलीच्या कमरेचा स्वेटर पाहिला. त्यांनी दोघींना आपल्या खोलीत बसवलं, छकुलीला टॉवेल दिला आणि म्हणाल्या, “आईचा नंबर सांग बरं, आपण फोन करू.” मोठीला ताईचा नंबर तोंडपाठ आहे. तिनं सांगितला, पण शेवटचा आकडा बदलून. फोन लागला नाही. बाई म्हणाल्या, पुन्हा सांग. तिनं पुन्हा तोच चुकीचा सांगितला, न अडखळता.

“का गं असं केलंस?” मी तिला विचारलं.

“आईला त्या दिवशी झोपायचं होतं ना,” ती म्हणाली. “आणि बाबांचं कळलं असतं.”

एक तास चाळीस मिनिटांनी भावोजी धावत आले. धावताना शर्ट विजारीतून बाहेर आलेला, कपाळावर घाम. मचाणावर कुणी नाही हे त्यांना बाहेरूनच दिसलं होतं, त्यामुळे चेहरा पांढराफटक. गेटपाशी येतात तो खोलीच्या दारात मोठी उभी. बाई तिच्या मागे. बाईंनी तोंड उघडायच्या आत मोठी मोठ्यानं म्हणाली, “बाबा, मिळाली का तिकिटं?”

आणि भावोजी म्हणाले, “हो. मिळाली.”

नऊ वर्षांच्या मुलीनं पुढे केलेलं खोटं बापानं मुकाट्यानं उचललं. भावोजी म्हणतात, पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मुली हरवल्या या भीतीनं नव्हे, तर मुलगी जे बोलली ते किती सराईतपणे बोलली, त्यानं.

बाई एवढंच म्हणाल्या, “हुशार आहे तुमची मुलगी.” त्यांच्या डोळ्यांत कौतुक नव्हतं.

परतीच्या बसमध्ये छकुली भावोजींच्या मांडीवर झोपली. मोठी खिडकीशी बसली होती. बाहेर बघतच ती हळू आवाजात म्हणाली, “आईला सांगायचं नाही ना? मला माहितीये. मी परवाचं आणि कालचं पण नाही सांगितलं.”

भावोजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिनं तो काढला नाही, पण जवळही सरकली नाही.

तुम्हाला वाटेल, खोलीवर जाऊन त्यांनी ताईला सगळं सांगितलं असेल. नाही सांगितलं. ताई दारातच उभी होती, केस धुतलेले, चेहरा असा की दहा वर्षांनी लहान झालेली. “अहो, मी साडेअकरापर्यंत झोपले!” ती म्हणाली. “मला आठवतच नाही अशी कधी झोपले होते ते. आणि हिच्या विजारीला काय झालं?”

“कारंज्यात पडली,” मोठी म्हणाली.

भावोजी तिथेच उभे होते. एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. पण ताईचा तो चेहरा मोडायला जीव होईना, असं ते स्वतःला सांगत राहिले. दुपारी ताई मुलींना घेऊन नदीवर गेली. भावोजींनी ती विजार खोलीतल्या बेसिनमध्ये धुतली, पिळली, खिडकीत वाळत घातली आणि मग तिच्याकडे बघत बसले. त्या दिवशी जेवताना मोठी फार बोलत होती. कारंजं केवढं होतं, छकुली कशी पडली, ती कशी ओरडली. ताई हसत होती. छकुली म्हणाली, “मी नाही पडले,” तर मोठीनं टेबलाखालून तिला पाय मारला. भावोजींनी ते पाहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी, न्याहारी झाल्यावर, बसथांब्याच्या बाकावर चौघं बसले होते. बस यायला अकरा मिनिटं होती. भावोजी म्हणाले, “मला काहीतरी सांगायचंय, आणि हिच्यासमोरच सांगायचंय.” आणि सांगायला लागले. मोठी मान हलवत होती, सांगू नको, सांगू नको अशी. ते थांबले नाहीत.

“तळघरात गेलो आणि वेळेचं भान राहिलं नाही,” ते म्हणाले. मग म्हणाले, “नाही. भान होतं. हातात घड्याळ होतं. पस्तीस मिनिटं झाली तेव्हा पाहिलं. म्हटलं, अजून पाच. पंचावन्न झाली तेव्हाही पाहिलं. मला माहीत होतं मुली एकट्या आहेत. ती बाई माझं ऐकत होती, मला निघवेना.”

बस आली, ड्रायव्हरनं दार उघडलं, कुणी उठेना म्हणून दार लावून बस गेली. भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा बस अशी सोडली असेल.

“किती?” ताई म्हणाली.

“एक तास चाळीस मिनिटं.”

“ते नाही. ठिकाणं किती ठरवली होतीत?”

“आठ.”

ताईनं मोठीकडे पाहिलं. “आणि तुला माहीत होतं?”

मोठीला रडू फुटलं. ती ताईच्या कुशीत न जाता बाकाच्या टोकाला सरकली आणि म्हणाली, “मी चुकीचा नंबर मुद्दाम दिला. तू ओरडू नको बाबांना.” ताईला नंबरचं काही माहीतच नव्हतं. भावोजींनाही नव्हतं. ते त्या बाकावर त्यांना पहिल्यांदा कळलं. ताई मला म्हणाली, “मी यांना चार शब्द बोलणार होते गं, अगदी ओठांवर आले होते. पण ते ऐकल्यावर यांच्याकडे बघवेना. यांचा चेहरा असा झाला की कुणीतरी कानाखाली मारावी आणि माणसानं गालही धरू नये.”

त्याच दुपारी भावोजी मोठीला घेऊन पुन्हा बागेत गेले. ताईनं जा म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. गेटवर त्याच बाई होत्या. भावोजी त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “काल मी तिकिटं काढायला गेलो नव्हतो. बिअर प्यायला गेलो होतो. माझी मुलगी खोटं बोलली ती माझ्यासाठी. तिची चूक नाही, एवढं सांगायला आलोय.”

बाई म्हणाल्या, “मला कालच कळलं होतं. इथे तिकिटाची एकच खिडकी आहे, ती ही माझ्या पाठीमागची. आणि तुमच्या तोंडाला वास येत होता.” मग त्या म्हणाल्या, “मी पोलिसांना फोन लावत होते. हिनं माझा हात धरला. म्हणाली, माझे बाबा चांगले आहेत, फक्त पाच मिनिटं थांबा. अशी तीनदा पाच मिनिटं मागून घेतली. तिच्यासाठी थांबले, तुमच्यासाठी नाही.”

भावोजी ‘बरं’ एवढंच म्हणाले. क्षमा मागितली, तर बाई म्हणाल्या, “माझी कसली मागताय?” आणि पुढच्या माणसाची तिकिटं फाडायला लागल्या.

उरलेला दीड दिवस ताईनं मुलींना विचारून ठरवला. त्या नदीवर दगड टाकत बसल्या, दोनदा त्याच झुकझुक गाडीत बसल्या. ठरलेली दुसरी ब्रुअरी राहून गेली. भावोजी बॅग उचलत मागे चालत होते, विचारलं तर बोलत होते.

परत आल्यावर ताईनं मला सगळं सांगितलं. आणि मी काय केलं? मी तोंडावर हात ठेवून “अगं बाई!” म्हटलं. “भावोजींना शोभतं का हे?” असंही म्हटलं. भावोजी तेव्हा पलीकडे दाराशी मुलींचे बूट पुसत होते. त्यांनी ऐकलं असणार. त्यांनी मान वर केली नाही. डायरी मी पाहिली होती, हसले होते, चौथ्या दिवसाची दहा मिनिटं माझ्या सांगण्यावरून वाढली होती, यातलं एक अक्षरही त्यांनी ताईला सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःचं सगळं सांगितलं आणि माझं झाकून ठेवलं. मी त्यांचं झाकायला निघाले होते ते गंमत म्हणून. त्यांनी माझं झाकलं त्यात गंमत नव्हती.

तीन आठवडे मी ताईकडे गेले की लवकर निघत होते. शेवटी एकदा तिच्या लॅबमध्येच गेले, तिची सुट्टी व्हायच्या वेळी. ती हातमोजे काढत होती. मी उभ्याउभ्या सगळं बोलून टाकलं. ती ऐकत राहिली, हातमोजे टोपलीत टाकले, हात धुतले, नखांपर्यंत घासून धुतले, तसे ती रोज धुते. मग म्हणाली, “म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. माझ्या पोरीलासुद्धा.” एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलली. मला ते कमीच वाटलं.

भावोजींनी शपथ वगैरे घेतली नाही. ताईनं मागितलीही नाही. शनिवारची बाटली सुरू आहे. वही मात्र त्यांनी पुढे लिहिली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “हात होत नाही.” ते डेपोत तसेच आहेत, रेघा तशाच सरळ येतात. घरी मुलींना कुठे न्यायचं असलं की ते आधी ताईला सगळं सांगतात, नको तितकं सांगतात, अगदी वाटेत पेन घ्यायला थांबणार आहे हेसुद्धा. ताई म्हणते, “बास हो, कळलं.” ते तरी सांगतात.

त्या गोष्टीला वर्ष होत आलं होतं तेव्हाचं. रविवारची दुपार होती, मी त्यांच्याकडे बसले होते. भावोजी जमिनीवर बसून छकुलीची सायकल उलटी करून तिची साखळी बसवत होते, हात काळे झालेले. त्यांचा फोन वाजला, मोठीनं उचलला. डेपोतून होता. कुणीतरी रजेवर गेलं होतं, बदलीचं काम होतं. मोठीनं बाबांकडे एक नजर टाकली, त्यांचे काळे हात पाहिले आणि फोनमध्ये गोड आवाजात म्हणाली, “बाबा घरी नाहीयेत. बाहेर गेलेत. आले की सांगते हं.”

तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, सुट्टीचा दिवस आहे, बाबांना त्रास कशाला. आवाजात एक कंप नाही. ताईनं वाचत होती ते पुस्तक खाली ठेवलं. मी भिंतीकडे बघायला लागले.

भावोजी उठले. हात तसेच काळे, फोन घेताना त्याला ग्रीस लागलं. “हॅलो, सव्वा बोलतोय,” ते म्हणाले. “नाही, नाही, मी घरातच होतो. इथेच बसलो होतो. बोला.” पलीकडचा माणूस काहीतरी बोलून हसला असावा. भावोजी हसले नाहीत. काम ऐकून घेतलं, येतो म्हणाले, फोन ठेवला.

मोठी म्हणाली, “मी तर तुझ्यासाठीच...”

“माहितीये,” ते म्हणाले. “तेच नको करूस, बाळा.”

हे ते इतक्या हळू म्हणाले की छकुलीनं विचारलं, “काय म्हणाले बाबा?” भावोजी हात धुवायला आत गेले आणि नळ बराच वेळ चालू राहिला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी बूट घातले आणि मोठीला विचारलं, “येतेस डेपोत? तासाभराचं काम आहे. माझ्याच टेबलाशी बसशील.”

ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग चपला शोधायला गेली.